बत्तीस फुटांवर स्थिर

विहिरीत डोकावण्याबद्दल सरकार पगार देतं, ही गोष्ट वाघुळखेड्यातल्या कोणाला शेवटपर्यंत पटली नाही. पुंजाराम हिवाळेला मात्र तो मिळत होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडता फोडता तो भूजल खात्याच्या जीपमागे सामान उचलायला लागला, आणि दुष्काळ सरला तरी खात्यानं त्याला सोडलं नाही. चौऱ्याहत्तर साली रोजंदारीच्या हजेरीपटावर त्याचं नाव चढलं. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत पोलादी फीत, फितीच्या टोकाला शिशाचं वजन आणि खडूची एक पेटी, एवढं घेऊन तो केदारखेड्यापासून पिंपळगाव रेणुकाईपर्यंतच्या विहिरी पालथ्या घालायचा, थोडं एसटीनं, बाकी पायी. फितीच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, वजन आत सोडायचं, वर ओढायचं आणि खडू कुठवर ओला झाला ते बघायचं. पाणी किती फुटांवर आहे ते त्यावरून कळतं.

हे काम त्याच्या अंगात इतकं भिनलं होतं, की सोयरिकीला गेला तरी तो आधी त्या गावची विहीर बघून यायचा. आकडा अर्ध्या इंचानंही इकडचा तिकडं करायचा नाही, आणि दुसऱ्यानं केलेला खपवून घ्यायचा नाही. त्याची बायको शिवकन्या त्याला विचारायची, "भाकरीलाबी फीत लावून खाऊन राह्यले का?" तो हसायचा नाही. विहिरींच्या बाबतीत त्याला थट्टा चालत नसे. असा माणूस नोकरीत कायम होण्याची वाट बघत होता, यावरून त्याला खातं किती कमी कळलं होतं ते दिसतं.

वाघुळखेडा पूर्णा नदीपासून कोसभर आत. मधोमध एक नाला. नाल्याच्या वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला बौद्धवाडा. छप्पन साली वाड्यानं धर्म बदलला, घरातले देव नदीत सोडले, स्वतःचं नाव बदललं. गावानं मात्र वाड्याला जुन्याच नावानं हाक मारायचं सोडलं नाही. गावची विहीर पन्नास फूट खोल, वाड्याची बत्तीस. दोहोंत अंतर ऐंशी पावलांचं. गावच्या विहिरीवर कोणालाही पाणी भरायला कायद्यानं केव्हाचीच मुभा होती, पण कायदा भोकरदनपर्यंत एसटीनं यायचा आणि पुढं रस्ता कच्चा होता.

उन्हाळ्यात वाड्याची विहीर आटली, की बायका घागरी घेऊन नाल्यात बसायच्या. गावातल्या कोणाच्या मनात आलं तर तो वरून पोहऱ्यानं ओतायचा. मनात आलं नाही तर बायका दुपारपर्यंत बसून परत यायच्या. पुंजारामची आई चांगुणाबाई त्या नाल्यात कधीच बसली नाही. "बाबासाहेबाचं नाव घेतलं त्या दिशी ठरीवलं. वरून वतलेलं पाणी म्या पिणार न्हाई," असं म्हणून ती कोसभर चालत पूर्णेच्या वाळूत जायची, हातानं झिरा उकरायची आणि वाटीवाटीनं घागर भरायची. वीस वर्षं तिनं हे केलं. पंचाहत्तर साली ती साठीला टेकली होती आणि गुडघ्यांनी तिची साथ सोडली होती. आईला पुन्हा नदीवर जावं लागू नये, एवढी एकच गोष्ट पुंजारामला आयुष्याकडून हवी होती. विहिरीत डोकावणाऱ्या माणसाला तेवढंही जमू नये, याची त्याला लाज वाटायची.

अशात खात्यात अण्णासाहेब नावाचे नवे भूवैज्ञानिक आले. अण्णासाहेब सज्जन होते, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. दुष्ट अधिकाऱ्यापासून सावध राहता येतं. सज्जन अधिकाऱ्याच्या हाताखाली माणूस बेसावध सापडतो. त्यांच्या टेबलावर नकाशांपेक्षा कायद्याची पुस्तकं जास्त होती. डॅन्यूब नदी किती देशांतून वाहते, नाईलवरून इजिप्त आणि सुदान कसे भांडले, सिंधूच्या पाण्याचा करार भारत-पाकिस्ताननं साठ साली कसा केला, हेलसिंकीत जगभरच्या वकिलांनी सहासष्ट साली कोणते नियम मांडले, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. गंगेवरच्या फरक्का धरणाचं नाव निघालं की त्यांचा जेवणाचा डबा तसाच राहायचा.

"पुंजाराम," ते जीपमध्ये सांगायचे, "नद्यांचं थोडंफार झालं जगात. पण जमिनीखालचं पाणी? त्याला सीमा कळत नाही. एका देशानं पंप लावला की दुसऱ्या देशाची विहीर आटते. याच्यावर अजून धड एक करार नाही!"

"व्हय साहेब," पुंजाराम म्हणायचा. "आमच्याकडंबी तसंच हाय."

एक दिवस हे वाक्य अण्णासाहेबांच्या कानातून डोक्यात शिरलं. सत्त्याहत्तर सालच्या मार्चमध्ये अर्जेंटिनात पाण्यावर जागतिक परिषद भरायची होती. तिथं मोठमोठ्या देशांचे लोक नुसतं बोलणार; आपण करून दाखवलेलं मांडलं तर? वाघुळखेड्यात एकच भूजल, दोन विहिरी आणि दोन वस्त्या, ज्या एकमेकींच्या घरी जेवत नाहीत. आंतरराष्ट्रीय म्हणायला आणखी काय लागतं! अण्णासाहेबांनी त्या रात्री जागून सतरा कलमांचा करार लिहिला.

पंचाहत्तरच्या दिवाळीनंतर मारुतीच्या पारावर सभा झाली. अण्णासाहेब तासभर बोलले. "भूजल हे एकच असतं. त्यात एक वरचा देश असतो, एक खालचा. वरच्या देशानं खालच्याचा विचार करायचा असतो." कोण वरचा आणि कोण खालचा हे कोणालाही समजावून सांगावं लागलं नाही. सगळी सभा आपोआप तशीच बसलेली होती.

सरपंच भुजंगराव सावध माणूस. त्यांनी उठून विचारलं, "साहेब, ती डॅन्यूब का काय म्हणता, ती कोन्या तालुक्यात येती? आन् तुमच्या ह्या हिशोबात आमी पाकिस्तान धरले का ते?"

"कोणीच पाकिस्तान नाही. दोन्ही सार्वभौम, समान पक्ष."

"समान?" भुजंगरावांनी हा शब्द तोंडात घोळवून पाहिला. त्यांना तो आवडलेला दिसला नाही. मग अण्णासाहेबांनी सांगितलं, की आदर्श प्रकल्प म्हणून करारावर सही करणाऱ्या गावाला विहीर खोल करायला सुरुंग आणि वर डिझेल इंजन खात्यातर्फे मिळेल. भुजंगराव म्हणाले, "मंग बराबर हाय. शेजाऱ्याशी नीट राहावंच मान्सानं."

करारातली कलमं भारदस्त होती. समन्यायी आणि वाजवी वापर. दुसऱ्या पक्षास लक्षणीय हानी न पोचवणे. माहितीची नियमित देवाणघेवाण. आणि सातवं कलम असं: एका पक्षाची विहीर कोरडी पडल्यास पाऊस येईपर्यंत दुसऱ्या पक्षाने आपली विहीर त्यास खुली करावी, विहीर कोरडी पडली किंवा कसे, हे खात्याच्या मोजणीवरून ठरेल. पुंजारामनं ते कलम आईला दोनदा वाचून दाखवलं.

"म्हंजी त्येंच्या हिरीवर आपल्या हातानं?" तिनं विचारलं.

"आपल्या हातानं. सही केली सरपंचानं."

"आन् कोरडी हाय का न्हाई ते कोन ठरीवणार?"

"म्याच की," पुंजाराम म्हणाला. इतक्या ऐटीत तो त्याआधी कधी बोलला नव्हता आणि नंतरही बोलला नाही.

मग संयुक्त आयोग स्थापन झाला. पहिल्याच बैठकीला बसायचं कुठं यावर घोडं अडलं. पारावर वाड्याला बसवायला गाव तयार नव्हतं, आणि समान पक्ष म्हटल्यावर खाली बसायला वाडा तयार नव्हता. अण्णासाहेबांनी तटस्थ भूमी म्हणून कोरड्या नाल्यात सतरंजी अंथरली. मधे हातभर वाळू मोकळी सोडून दोन सतरंज्या झाल्या. चहाच्या किटल्याही दोन आल्या. मोजणीचाही असाच निकाल लागला. वाड्याच्या पाण्याला लागलेली फीत गावच्या पाण्यात कशी सोडायची, म्हणून खात्यानं एका भूजलासाठी दोन फिती मंजूर केल्या. गावच्या विहिरीवर गावाचा कोतवाल फीत सोडायचा आणि आकडा ओरडून सांगायचा. पुंजारामनं वीस पावलांवर उभं राहून तो लिहून घ्यायचा. अहवालात याला माहितीची देवाणघेवाण म्हणत. पुंजारामला हे लागायचं. मोजणीदार असून दुसऱ्याच्या तोंडचा आकडा लिहायचा, यात त्याला दोन अपमान दिसत होते, एक मोजणीदाराचा आणि एक वाड्याचा, आणि त्यातला कोणता मोठा हे त्याला ठरवता येत नव्हतं. पण सातव्या कलमासाठी त्यानं दोन्ही गिळले.

डिसेंबरात सुरुंग लागले. गावची विहीर पासष्ट फुटांवर गेली. जानेवारीत इंजन बसलं आणि भुजंगरावांच्या उसाला पाणी सुरू झालं. हा ऊस करारात कुठंच नव्हता, त्यामुळे तो कराराच्या विरुद्धही नव्हता. वीस दिवसांत वाड्याच्या विहिरीचा तळ दिसला. गाळात एक बेडूक होता, तोही चार दिवसांनी दिसेनासा झाला.

पुंजारामनं फीत सोडली. वजन बत्तीस फुटांवर तळाला टेकलं. खडू कोरडा. त्यानं छापील तक्त्यात आकड्याच्या रकान्यात बत्तीस लिहिलं, कारण फीत बत्तीस दाखवत होती, आणि शेऱ्याच्या रकान्यात ठसठशीत लिहिलं, 'कोरडी'. तक्ता टपालानं जालन्याच्या कार्यालयाला धाडला आणि तो घरी येऊन आईला म्हणाला, "आठ दिवस थांब. सातवं कलम लागू व्हईल."

आठ दिवस गेले, महिना गेला. फेब्रुवारीत बत्तीस, शेरा कोरडी. मार्चमध्ये बत्तीस, शेरा कोरडी, खाली दोन रेघा. बायका पुन्हा नाल्यात बसायला लागल्या, सतरंजी जिथं अंथरली होती तिथंच. चांगुणाबाई शिवकन्येला घेऊन नदीवर जायला लागली. शेवटी एप्रिलात पुंजाराम जालन्याला कार्यालयात गेला.

अण्णासाहेबांनी त्याला बघून दोन्ही हात पसरले. भिंतीवर मोठा आलेखाचा कागद होता. त्यावर दोन रेघा होत्या. एक निळी, थोडी उतरणारी, गावची. दुसरी तांबडी, पट्टीनं ओढलेली, सरळ.

"ही तुझी विहीर!" अण्णासाहेब म्हणाले. "करारापूर्वी दर महिन्याला खाली जायची. कराराचा अंमल सुरू झाला आणि बघ. जानेवारी बत्तीस, फेब्रुवारी बत्तीस, मार्च बत्तीस! एक इंचाची घट नाही. स्थिर! वरच्या देशात एवढं मोठं इंजन चालू असताना खालच्या देशाची पातळी स्थिर! हे जगात कुठं झालेलं नाही, पुंजाराम."

पुंजारामनं त्या तांबड्या रेघेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बोट फिरवलं. मग म्हणाला, "साहेब, ती हीर बत्तीसच फूट खोल हाय."

"म्हणजे?"

"तळ हाय तो. पाणी न्हाई. म्या शेरा लिहिल्ता की, कोरडी म्हणून."

अण्णासाहेबांनी कपाटातून मूळ तक्ते काढले. शेरा होता. दोन रेघाही होत्या. पण टंकलिखित अहवालात शेऱ्याचा रकाना नव्हता. आलेखात तर तो असतच नाही. अण्णासाहेब खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा खरोखर उतरला. त्या क्षणी त्यांनी पेन उचलून सातवं कलम लावलं असतं, तर ही गोष्ट इथंच संपली असती आणि अण्णासाहेबांची तसबीर वाड्यात लागली असती. पण त्यांची नजर टेबलावरच्या दिल्लीच्या पत्रावर गेली. वाघुळखेड्यावरचा त्यांचा निबंध दिल्लीला पोचला होता. तो आवडला होता. मे महिन्यात परिषदेच्या निवड समितीचे एक मोठे पाहुणे स्वतः वाघुळखेडा बघायला येणार होते.

"हे बघ," ते हळू आवाजात म्हणाले, "कोरडी हा काही आकडा नाही. शेरा म्हणजे मोजणाऱ्याचं मत. शास्त्र आकड्यावर चालतं. आणि आकडा तू स्वतःच बत्तीस लिहिलास."

"मंग काय लिहाया पायजे व्हतं, साहेब?"

छापील तक्त्यात पाणी नसलेल्या विहिरीची सोयच केलेली नव्हती. "परिषद होऊ दे," अण्णासाहेब म्हणाले. "मग बघू. तुझ्या कायम होण्याचंही मी टिपण तयार करतोय." हे ते त्याला गप्प करायला म्हणाले नव्हते. पण पुंजाराम गप्प झाला, आणि परतीच्या एसटीत त्याला स्वतःची एवढी घृणा आली, की केदारखेड्याला उतरायचं विसरून तो भोकरदनला जाऊन पोचला.

आईला त्यानं सगळं सांगितलं. चांगुणाबाईनं ऐकून घेतलं. "म्हंजी तुझी फीतच खोटी साक्ष देऊन राह्यली," ती म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिनं नदीवर जाणं सोडलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनिशी कमरेला दोर बांधून, कुदळ घेऊन वाड्याच्या विहिरीत उतरायला लागली. दोन हात खोल गेलं तर झरा लागेल, असं तिचं म्हणणं. खाली काळा खडक होता. शिवकन्या आणि वाड्यातल्या बायका वरून पाटीनं दगड काढायच्या. आठ दिवसांत वीतभर खोदलं गेलं. पुंजारामनं ते मोजून तक्त्यात लिहिलं नाही, कारण मग पातळी बत्तीस फूट नऊ इंच झाली असती आणि अण्णासाहेबांना घट दाखवावी लागली असती. आकडा दडवायची त्याची ही पहिलीच वेळ होती.

पाहुणे मेच्या मध्यावर सकाळी दोन जीपमधून आले. दिल्लीचे, उत्तर हिंदुस्थानी, पांढरा बुशशर्ट, डोक्यावर कॉर्कची टोपी. भुजंगरावांनी तोरण लावलं होतं. नाल्यातल्या सतरंज्या आज एकीला एक चिकटवल्या होत्या. पाहुण्यांनी करार पाहिला, सह्या पाहिल्या, इंजन पाहिलं. मग म्हणाले, ती स्थिर पातळीवाली विहीर दाखवा आणि आमच्यासमोर मोजा.

अण्णासाहेबांनी पुंजारामकडं पाहिलं. विहिरीत आई पहाटेपासून उतरली होती आणि वर दगड ओढणाऱ्या बायका जीप बघायला गेल्या होत्या, हे पुंजारामला माहीत होतं. अण्णासाहेबांना माहीत नव्हतं, आणि पुंजारामला ते कोणी विचारलं नव्हतं. त्यानं खडू फासला आणि फीत सोडली.

फीत खाली गेली आणि थोडा वेळ लटकली. मग तिला खालून कोणीतरी जोरात हिसका दिला.

"कोन हाय वर?" विहिरीतून आवाज आला. "डोक्यात पडलं असतं की रं वजन!"

दिल्लीचे पाहुणे दोन पावलं मागं सरले. "नीचे कौन है?"

अण्णासाहेबांची बुद्धी मात्र कोरडी पडली नव्हती. "सर," ते म्हणाले, "ये हमारी रीडर हैं। यहाँ की महिलाएँ खुद उतरकर लेवल देखती हैं।"

"वंडरफुल!" पाहुणे कठड्याशी आले. खाली परातीएवढ्या उजेडात एक म्हातारी फितीचं टोक हातात धरून वर बघत होती.

"पाणी न्हाई हितं!" चांगुणाबाई खालून ओरडली. "चार महिने झाले, पाणी न्हाई!"

"क्या कहती हैं?"

"कहती हैं," अण्णासाहेब म्हणाले, "चार महीने से लेवल यही है।"

पाहुण्यांनी वहीत लिहून घेतलं. पुंजारामला हिंदी बरोबर कळत होती. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कोणाच्या तरी कानफटात मारावीशी वाटली, आणि नेमकी कोणाच्या, अण्णासाहेबांच्या का स्वतःच्या, हे न ठरल्यामुळं त्यानं नुसती फीत गुंडाळली. पाहुण्यांनी खडू पाहायला मागितलाच नाही. ते महिलांच्या सहभागानं इतके भारावले होते, की भुजंगरावांकडचं पुरणपोळीचं जेवण आटोपून जीपमध्ये बसेपर्यंत दुसऱ्या विषयावर बोलले नाहीत.

दहा दिवसांनी दिल्लीहून सूचना आली आणि तिचा मराठी आदेश जालन्यात टंकलिखित झाला. अण्णासाहेबांनी तो सरपंचांना पोचवायला पुंजारामच्या हातात दिला. पुंजारामनं तिथंच उभ्या उभ्या वाचला. 'महिलांचा सहभाग वाढविण्यासाठी दोन्ही पक्षांच्या महिलांकडून दोन्ही विहिरींवर स्वहस्ते पाण्याचे नमुने घेण्यात यावेत. नमुने दररोज व पुरेशा प्रमाणात घ्यावेत. यात कोणी अडथळा आणल्यास गंभीर दखल घेतली जाईल.'

त्यानं ते तीनदा वाचलं. मग विचारलं, "साहेब, पुरेशा म्हंजी किती?"

"तपासणीला पुरेल इतका नमुना."

"आन् भांडं कोन्तं घ्यायचं?"

अण्णासाहेब नकाशावरून मान न उचलता म्हणाले, "बाटली असते रे." मग थांबले. त्यांनी चष्मा काढून पुंजारामकडं नीट पाहिलं. अण्णासाहेबांनी आदेश परत घेतला, समासात लिहिलं, 'भांडे उपलब्धतेनुसार', खाली सही केली आणि गोल शिक्का मारला. पुंजारामनं नंतर कधीही त्यांना वाईट म्हटलं नाही, ते या एका ओळीमुळं. अण्णासाहेब सत्त्याहत्तरच्या मार्चमध्ये अर्जेंटिनाला गेले का? नाही. ऐन वेळी त्यांच्या जागी त्यांच्या वरचे साहेब गेले, आणि त्यांनी वाघुळखेडा आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पुंजाराम कायम झाला का, असंही लोक विचारतात. एकोणऐंशी सालीही तो रोजंदारीवरच होता.

आदेश घेऊन तो जालन्याहून परतला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट गावच्या विहिरीवर गेला. बरोबर वाड्यातल्या एकवीस बायका होत्या. डोक्यावर घागरी, हातात दोर. सगळ्यांच्या पुढं चांगुणाबाई. इंजनवाल्यानं धावत जाऊन भुजंगरावांना बोलावून आणलं.

"हे काय लावलं रं, पुंजाराम?"

"नमुने घ्यायचे हायत, सरपंच. दिल्लीचा हुकूम हाय." त्यानं कागद वाचून दाखवला. 'गंभीर दखल' हे शब्द त्यानं सावकाश वाचले. दिवस आणीबाणीचे होते. गंभीर दखल म्हणजे काय, हे भुजंगरावांना तुरुंगात गेलेल्या भोकरदनच्या दोन पुढाऱ्यांवरून ठाऊक झालेलं होतं. त्यांनी शिक्का पाहिला, शिक्क्याच्या आतली अक्षरं पाहिली, कागद उन्हात धरून पाहिला.

"नमुना म्हंजी बाटलीभर असतो," ते म्हणाले. "ह्या घागरी कशाला?"

"भांडं उपलब्धतेनुसार. हितं लिहिलंय. आमच्याकडं घागरीच उपलब्ध हायत."

"एकवीस नमुने?"

"पुरेशा प्रमाणात लिहिलंय."

"आन् किती दिस चालायचं हे?"

"दररोज लिहिलंय, सरपंच. बंद कधी करायचं ते न्हाई लिहिलं."

भुजंगरावांनी गावातल्या जमलेल्या लोकांकडं पाहिलं. लोकांनी त्यांच्याकडं पाहिलं. कोणीतरी मागून म्हणालं, की सही तुमचीच हाय, सतरा कलमांवर. भुजंगराव बाजूला झाले. ते मनानं बाजूला झाले असं कोणी समजू नये. संध्याकाळी त्यांनी विहिरीत तुळशीची पानं टाकून घेतली. पण त्या सकाळी ते बाजूला झाले, आणि रहाटापर्यंतची सहा पावलं मोकळी झाली.

चांगुणाबाई ती सहा पावलं चालली. लग्न होऊन आल्यापासून ज्या विहिरीचा रहाट तिनं फक्त ऐकला होता, तिच्या काठावर ती उभी राहिली. दोर तिनं स्वतः सोडला. पुंजाराम मदतीला पुढं झाला तर त्याला म्हणाली, "हात लावू नको. माझा नमुना हाय." पोहरा भरून वर आला. घागरीत ओतण्याआधी तिनं ओंजळ भरली आणि पाणी तोंडात घेतलं. गिळलं नाही. दारातला माणूस ओळखीचा का अनोळखी ते बघावं, तसं तिनं ते तोंडात धरून ठेवलं. मग गिळलं आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काय झालं, आई?"

"आपलंच हाय की रं हे," चांगुणाबाई म्हणाली. "आपल्याच हिरीचं पाणी हाय, पुंजा. हीच चव. जरा तुरट. आपलं पाणी हितं येऊन राह्यलं व्हतं, आन् म्या वीस वर्सं नदीला गेले."

भूजल एकच असतं, हे वाक्य पुंजारामनं अण्णासाहेबांच्या तोंडून जीपमध्ये, पारावर, नाल्यात पन्नासदा ऐकलं होतं आणि तीनदा स्वतः लोकांना समजावून सांगितलं होतं. ते त्याला आज कळलं, आणि कळल्याबरोबर त्याला असा राग आला की हातातला आदेश त्याच्या मुठीत चुरगळून गेला. मग तो कागद उद्याही लागणार हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं तो मांडीवर ठेवून तळहातानं सपाट केला आणि पुढच्या बाईला दोर दिला.